पाचव्या नंबराचे मास्तर

पाचव्या नंबराशी आमच्या टेलरमास्तरांइतका जुना आणि निष्ठेचा संसार साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी केला नसेल. तो त्यांनी हौसेने मांडलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो. अमरावती आणि अकोल्याकडच्या आठ फुटबॉल क्लबांची एक लीग दर हिवाळ्यात होते. पहिल्या चारांना पुढे बाहेरच्या मोठ्या स्पर्धेत खेळायला मिळतं, उरलेले चार घरी बसतात. मास्तरांच्या मोहल्ल्याचा क्लब हिरव्या जर्सीचा, आणि तो पाचवा येतो. कधी सेंटर फॉरवर्डला ताप आला म्हणून, कधी रेफ्रीला चष्मा लागला म्हणून, कधी काहीच कारण नसताना. पण येतो पाचवाच. सातवा-आठवा येत असता तर मास्तरांनी एव्हाना नाद सोडून कॅरम धरला असता. पाचव्याचं तसं नसतं, दरवर्षी वाटतं की थोडक्यात हुकलं.

त्यांची खरी पंचाईत अशी, की आठही क्लबांच्या जर्सी तेच शिवतात. अमरावतीत त्यांचं दुकान एका खोलीचं, पण शिलाईचं नाव इकडे अकोल्यापर्यंत आणि तिकडे वरूडच्या संत्रेवाल्यांच्या क्लबापर्यंत पोचलेलं. दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी आहे. तिच्यावर आठ क्लबांच्या आठ जर्सी लीगमधल्या नंबराप्रमाणे टांगलेल्या असतात. दोरीला मध्ये आधार म्हणून एक खुंटी. खुंटीच्या अलीकडे चार, पलीकडे चार. सोमवारी दुकान उघडलं की मास्तर आधी रविवारच्या निकालाप्रमाणे हँगर सरकवतात, मग बिस्मिल्ला म्हणून मशीनला पाय लावतात. हिरवी जर्सी खुंटीला पलीकडून अगदी बिलगून असते. एकदा मी गमतीने म्हटलं, "मास्तर, बोटभर अलीकडे घ्या की. कोण बघतंय?" मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना गिऱ्हाइकाचं कापड चोरायला सांगितलं होतं. "सर, सरकवाले काय, आत्ता सरकवतो. पण उद्या अकोलेवाले आले आन् त्यायनं दोरी पाह्यली, तं मी त्याईले काय तोंड दावू?"

लीगच्या दिवसांत त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकणं हे धाडसाचं काम असतं. माप घेताना ते आकडे सांगतात, त्यातले कोणते आपल्या कमरेचे आणि कोणते वरूडच्या गोलांचे, हे शेवटपर्यंत कळत नाही. गुणांच्या बेरजा करायला त्यांना कागद लागत नाही. समोर जे कापड असेल त्यावर खडू चालतो. माझ्या राखाडी पँटच्या आतल्या बाजूला एकदा संपूर्ण लीगचा तक्ता निघाला होता, आणि तो दोन धुण्यांत गेला नाही. एका नवरदेवाच्या शेरवानीच्या पाठीवर म्हणे "अकोला हरला तर" एवढंच लिहिलेलं राहून गेलं, आणि निकाहाला जमलेल्या अर्ध्या मंडळींनी जेवणं होईपर्यंत पुढे काय याचा तर्क लढवला. माणसं पाहण्याची त्यांची तऱ्हाही तीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टेप माझ्या पोटाभोवती फिरवून ते म्हणाले होते, "तुमी बॅकच्या मापाचे आहा सर. पळू नका, फक्त उभे राहा." सदतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालो, पण माझं इतकं अचूक वर्णन आमच्या हेडमास्तरांनाही जमलं नव्हतं.

पहिल्या चारांत आलेल्या क्लबाच्या जर्सीला मास्तर पुढच्या स्पर्धेसाठी गळ्याभोवती साटीनची एक पट्टी लावून देतात. ही त्यांची स्वतःची पद्धत. प्रत्येक क्लबाच्या पट्टीचा रंग ठरलेला आहे. हिरव्यावर शोभेल म्हणून आपल्या क्लबासाठी त्यांनी पांढरा ठरवलाय. बाकीच्यांच्या पट्ट्या निकाल लागल्यावर कापल्या जातात. पांढरी मात्र लीग सुरू व्हायच्या आधीच कापून, इस्त्री करून, मशीनच्या खणात ठेवलेली असते. मशीनवर पांढऱ्या पट्ट्या जोडून केलेली एक खोळही असते. हौशी माणूस आहे, कापड वाया घालवत नाही, एवढंच मला तिच्याकडे पाहून वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात प्रकरण शेवटच्या रविवारावर आलं. अकोल्याचा पिवळा क्लब चौथा, आमचा हिरवा एका गुणाने मागे पाचवा, आणि शेवटची मॅच या दोघांचीच, अकोल्यात. जिंकलो तर चौथे. बरोबरी झाली तरी पाचवे. मास्तर मला सोबत घेऊन गेले, कारण त्यांच्या मते मी शांत माणूस आहे आणि शांत माणूस जवळ असला की त्यांचं ब्लडप्रेशर बरं राहतं.

मध्यंतराला गोल नव्हता. मात्र त्याच्या जरा आधी गोलपाशी झोंबाझोंबी झाली आणि अकोल्याच्या गोलकीपरची जर्सी उजव्या खांद्यापासून बगलेपर्यंत टरकन फाटली. बाही नुसती लोंबत होती. रेफ्री म्हणाले, अशा अवतारात खेळता येणार नाही. नंबर असलेली दुसरी जर्सी घाला. दुसरी नव्हती. रविवार म्हणून बाजार बंद, आणि बदली गोलकीपर भावाच्या साखरपुड्याला गेलेला. म्हणजे आता कुणीतरी बॅक गोलात उभा राहणार, आणि आपण जिंकणार. आमच्या बाजूची माणसं आताच एकमेकांना टाळ्या देऊ लागली. तेवढ्यात तो गोलकीपर, चांगला उंचापुरा बाप्या, मैदान ओलांडून सरळ आमच्याकडे आला आणि मास्तरांसमोर उभा राहिला. "मास्तर, तुमच्याच हातची आहे."

मास्तरांच्या टोपीच्या काठात सुई-दोरा कायम खोचलेला असतो, हे साऱ्या लीगला ठाऊक आहे. आमचा कॅप्टन त्यांच्या कानाशी लागला, "मास्तर, सुई नाही म्हना. घरी राह्यली म्हना ना!" मास्तरांनी टोपी काढली. क्षणभर ती हातात तशीच धरली. मला त्यांच्या मनातलं सगळं दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मीही मनातून म्हणत होतो की टोपी परत डोक्यावर ठेवा. मग त्यांनी सुई काढली आणि बाही हातात घेतली.

"मंग चार टाके घाला नं फक्त," कॅप्टन रडकुंडीला येऊन म्हणाला. "हाताची कच्ची टीप मारा."

"काहून कच्ची? दुकान माहं आहे का तुहं?" एवढंच बोलून त्यांनी दुहेरी टीप घातली. मध्यंतराची दहा मिनिटं पुरी वापरली.

शेवटच्या मिनिटाला आमच्या सेंटर फॉरवर्डने उजव्या कोपऱ्यात असा फटका मारला की मी उभा राहिलो. गोलकीपरने अंग झोकलं, उजवा हात पार ताणला आणि बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर ढकलला. सगळं मैदान बॉलकडे पाहत होतं. मास्तर खांद्याकडे पाहत होते.

बरोबरी झाली. आम्ही पाचवे.

परतीच्या एस.टी.त कुणी मास्तरांशेजारी बसेना, म्हणून मी बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर कपाशीच्या शेतांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "उसवली नाही, सर. एवढा ताणला त्यानं हात, पण एक टाका हालला नाही. पाह्यलं नं तुमी?" मी पाहिलं म्हणालो. त्यांचे डोळे भरले होते. ते पाणी चौथा नंबर हुकल्याचं होतं की शिलाईचं, मला ठरवता आलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

पुढे पंधरा दिवस मोहल्ल्यात कुणी त्यांना धड सलाम केला नाही. मी पँट आणायला गेलो तेव्हा दोरीवर हिरवी जर्सी खुंटीपलीकडे होती, आणि मास्तर खणातली पांढरी पट्टी काढून मशीनच्या खोळीला जोडत होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. खोळीच्या वरच्या पट्ट्या जुन्या होऊन पिवळ्या पडल्या होत्या, खाली येता येता त्या पांढऱ्या होत गेल्या होत्या, आणि सगळ्यात खाली ही नवी, कोरी. एकेका हिवाळ्याची एकेक. मला मोजवेनात. इतकी वर्षं मी त्या खोळीशेजारी स्टुलावर बसून चहा पीत आलो होतो.

मास्तरांनी दोरा दातांनी तोडला, खोळ मशीनवर घातली आणि खाली वाकून पाहिलं. ती आता टेबलाच्या फळीला टेकली होती.

"जागा सरली सर," ते खोळीवरून हात फिरवत म्हणाले. "आता येत्या साली एक तं चौथं या लागते, नाहीतं मले दुसरी मशीन घ्या लागते."