सुभद्रेच्या पायाले ताडी

पट्टी सोडली तं ताडीचा आंबूस वास आला. तवाच ठरवलं, उद्याच्या पयल्या बसनं आदिलाबाद.

सुभद्रा माही धाकली जाऊ. तिले शुगर हाय. वावरात पऱ्हाटीचं खुट जोडव्याच्या बोटात घुसलं अन् जखम भरलीच नाई. मागच्या खेपेले माहा दीर, तिचा नवरा, तिले दवाखान्यात घेऊन गेलता. तवापासून ही पट्टीवर ताडी ओतून राह्यली.

"काऊन वं?"

"सिस्टरनंच सांगतलं, बाई."

"मंग चखनाबी बांध संगं."

ती हसली. बोट काळं पडलं व्हतं, मले हसू आलं नाई.

आमच्या बेल्याहून तेलंगणाच्या सरकारी बसले बाईमानसाले तिकीट नाई, आधार दाखवा अन् चढा. जागेचा मात्र भरवसा नाई. एक जवान गडी पाय पसरून बसलता. "जावईबापू, सासूले जागा द्या," म्हनलं, तं लाजून उठला. स्टँडवरची इडली चांगली. चहा बिनसाखरेचा मांगा, नाईतर पाकच येते. अन् तेलुगू समजते असं मानूस संगं न्याच.

दवाखान्यात सिस्टरनं कपायाले हात लावला. "ताडी? मैंने तडि बोला, अम्मा. तडि उंडाली. गीला रहना."

तेलुगूत तडि म्हंजे ओल. ते पट्टीच तशी, जखम ओली ठेवनारी. आमची जिंदगी गेली जखमा वाळवन्यात. ओली ठेवाची, हे आमाले मराठीत कोन सांगन?

बाजूच्या बाकड्यावर पट्ट्यायच्या कंपनीचा मानूस फोनवर बोलून राह्यलता, "यहाँ शुगर बहुत है. एरिया अच्छा है, और बढ़ेगा."

माह्या अंगाची लाही झाली. "क्या बढ़ेगा भैया, कपास?"

"डिमांड, अम्मा."

"मतलब हमारे पाँव."

तो पट्ट्यायचं खोकं आवराले लागला. त्याच्या खोक्यावरचं सारं इंग्रजीत. म्या इचारलं, "हमारी बोली किधर है?"

"डॉक्टर समझा देंगे."

डॉक्टरनं समजावलं, चांगलं हिंदीत. बोट काढा लागन, अजून थांबल्या असत्या तं पाय गेला असता. तिथंच मुक्काम पडला.

बोट गेल्यावर सुभद्रा जोडवं मुठीत धरून रडे. "माहा नवरा जित्ता हाय ना, बाई."

"हाय ना. म्हून तं तेलुगू न समजता मान डोलावून आला."

रडता रडता ती हसली. मले हसू आलं नाई.

घरी दीर म्हने, "पाय तं वाचला ना, वयनी?" म्या त्याच्या हातात पेन देल्लं. पट्टीच्या खोक्यावर त्यालेच लिवाले लावलं: ओली ठेवा. ताडी नाई.

जखम आता भरून राह्यली. जोडवं डब्यात हाय. अन् तो कंपनीवाला अजून गावोगाव फिरत असन. एरिया अच्छा हाय ना.