लालबागला काढलेला फोटो

बोटीवरून उतरलेल्या गोऱ्या पाहुण्यांना मुंबई दाखवायची, हा कमलाकांतांचा धंदा. गिरगावातलं जुनं प्रभू घराणं. आजोबांच्या वाड्या कधीच विकल्या गेलेल्या, उरली होती सफाईदार इंग्रजी आणि एक कडक टोपी. पाहुणा धडधाकट परत बोटीवर चढावा, यापलीकडे ते देवाकडे काही मागत नसत. दंगल दिसली तर पळू नका, घोळक्यात शिरू नका, खिडकीतून डोकावू नका, कॅमेरा पिशवीत ठेवा, हे ते बंदरावरच पढवून ठेवत.

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार अशी बातमी आली आणि शहर पेटलं. नेमका तेव्हाच हॉलंडचा एक साहेब त्यांच्या गळ्यात पडला, आणि त्याला गिरण्या बघायच्या होत्या. कमलाकांतांनी नाना परीने टाळलं, पण साहेब हट्टालाच पेटला. शेवटी एका शांत वाटणाऱ्या सकाळी ते त्याला लालबागला घेऊन गेले. शांत कसली, दबा धरलेली; नळावरच्या बायकासुद्धा गप्प होत्या.

वळणावर मोर्चा समोर आला. निळ्या सदऱ्यातला एक तरणा गिरणी कामगार हातगाडीवर उभा राहून घोषणा देत होता. कमलाकांतांनी पढवलेलं सगळं धाब्यावर बसवून साहेबाने कॅमेरा काढला. तो गडी चिडला नाही. उलट हसला, केस सारखे केले आणि ऐटीत उभा राहिला. साहेबाने त्याचा फोटो घेतला. मग दगड सुरू झाले, तेही साहेब टिपत राहिला. मग गोळीबार झाला. कमलाकांतांनी साहेबाचं बखोट धरलं आणि दिसला त्या चाळीचा जिना गाठला.

पहिल्या माळ्यावर मालन नावाच्या बाईने दार उघडलं. कोकणातली विधवा, एकुलता मुलगा गिरणीत. तिने साहेबाला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, बाहेर माझा दौलत दिसला का, निळा सदरा आहे. कमलाकांत म्हणाले, दिसला की बाई, साहेबांनी फोटोसुद्धा काढला त्याचा. तिला एवढा धीर आला की ती चहाचं आधण ठेवायला उठली.

चहा होतो न होतो तोच खाली बूट वाजले. कॅमेरावाला गोरा कुठे शिरला, असं पोलीस विचारत होते. साहेबाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. पण कॅमेऱ्यात दगड उचललेली कितीतरी पोरं होती, आणि एकेकाला घरातून उचलायला तेवढा पुरावा पुरेसा होता. हिचा दौलतही त्यातच. त्यांनी रोल मागितला. साहेब म्हणाला, हे जगाने पाहिलं पाहिजे. खरं होतं ते, पण जग लांब होतं आणि बूट जिन्यावर होते. जन्मात पाहुण्याच्या वस्तूला हात न लावलेल्या कमलाकांतांनी कॅमेरा हिसकावला, उघडला आणि सगळी फिल्म भराभरा उजेडात ओढून काढली.

पोलिसांनी रिकामा कॅमेरा पाहिला, शिव्या हासडल्या आणि ते गेले. साहेब हात न मिळवताच बोटीवर चढला. कमलाकांतांना मात्र स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि बायकोला, दुर्गेला, त्यांनी तो बोलूनही दाखवला.

सुतक फिटल्यावर मालन पत्ता विचारत गिरगावात आली. दौलत गोळी लागून त्या हातगाडीपाशीच पडला होता. तिच्या घरात चहा उकळत होता, तेव्हाच तो गेलेला होता. तिने पदराखालून डबा काढला. त्यात फडक्यात गुंडाळलेली ती फिल्म होती; जमिनीवरून तिने गोळा केलेली.

"ह्यां मी जपान ठेवलंय. माझ्या दौलतचो फोटो आसा ह्येच्यात. तेवढो धुवन आणा, भाऊ. लग्नात काढूया म्हणान ऱ्हवान गेलो. दुसरो एकव नाय."

कमलाकांतांना खोटं बोलावं असं फार वाटलं, पण बोलवेना. उजेड लागला की फिल्मवरचं सगळं जातं, त्यांनी सांगितलं. मीच घालवलं, दौलतला पोलिसांनी धरू नये म्हणून. बोलताना त्यांना रडू फुटलं.

मालन फिल्म खिडकीपाशी धरून बघत राहिली. मग तिने विचारलं, "बाकीची पोरां वाचली?"

"वाचली."

"मग ऱ्हवांदे." तिने फिल्म फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. "तो आसा ह्येच्यात. दिसना नाय, इतक्यांच."