कापड उलटून बघणाऱ्या दोघी

लेक नोकरीला फ्रान्सला गेली आणि दोन वर्षांत तिथल्याच मुलाशी लग्न करते म्हणाली. मी फोनवर म्हटलं, येते भेटायला. मनात मात्र ठरवून टाकलेलं, तिकडे जायचं, माणसं बघायची आणि समोरासमोर नाही म्हणायचं. मानपाड्याला साड्यांना फॉल-बिडिंग करून शिकवलेली एकुलती एक पोर, अशी कुणाच्याही घरात द्यायची म्हणजे काय!

मुलाचं गाव फ्रान्समधल्याच ब्रिटनी भागात, समुद्राजवळ. जुनी दगडी घरं, काळी छपरं आणि चौकात आठवड्याचा बाजार. टोपल्या विणणारे होते, मडकी होती, आणि एक बाई तव्यावर चक्क आपल्या घावनासारखं काहीतरी काळपट घालत होती. खोटं कशाला बोलू, दोन खाल्ली. राग होता, पण पोटाला काय त्याचं.

मुलाची आई याच बाजारात भरतकाम विकायला बसते. लेक वाटेतच बजावत होती, की त्या जरा कडक आहेत, तू शांत राहा. मी म्हटलं, बघू कोण किती कडक ते.

मुलाच्या आईच्या पुढ्यात रुमाल मांडलेले, पांढऱ्या जाळीवर पांढऱ्या दोऱ्याची फुलं. नमस्कार राहिला बाजूला, मी रुमाल उचलला आणि सवयीने उलटा केला. आमच्या धंद्यात सुलट बाजू कोण बघतंय? गाठी, लोंबते धागे, सगळी लबाडी उलट बाजूला सापडते. इथे गाठच सापडेना. नखाने दोरा ओढून पाहिला, तशी लेकीने कपाळाला हात लावला.

बाई उठली. आता ही मला हाकलते, असं वाटलं. तर तिने वाकून माझ्या साडीचा काठ धरला, उलटा केला आणि चष्मा सारखा करून फॉलचे टाके बघायला लागली. भर बाजारात! मग लेकीला काहीतरी विचारलं.

"आई, हे टाके हाताने कुणी घातलेत, विचारतायत."

मी स्वतःकडे बोट केलं. तिने तेच बोट धरलं, सुईने राठ झालेलं टोक चाचपलं आणि आपलं पुढे केलं. तस्संच. मला हसू आलं आणि रडूही, लाज सोडून दोन्ही केलं.

लेक जीव मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. म्हणजे मी कशाला आलेले, ते तिला ठाऊक होतं तर.

"यांना सांग," मी म्हटलं, "पोर हट्टी आहे माझी, पण पदरात घ्या."

लेकीला 'पदरात घ्या'चं फ्रेंच काही सुचेना. ती नुसती रडत राहिली.