नानासोंचा ‘कार बोनेट’

तासगावात बेदाण्याच्या शेडना लोखंडी रॅक करून देणारे नानासो पूर्वी लष्करात ड्रायव्हर होते. प्लास्टिकच्या दुनियेत त्यांना एकच नाव ठाऊक, फायबर. बादली फायबरची, छताचा पारदर्शक पत्रा फायबरचा, ग्राइंडर चालवताना नाकावर चढवायचा गॉगलही फायबरचा.

लेक समीक्षा सांगलीला डिप्लोमा करते. सुट्टीला आली, तर नाना गॉगल पुसत बसलेले, तेही थिनरनं! हाताचं ऑइलपेंट निघतं तर गॉगलवरचं का निघू नये, असं त्यांचं म्हणणं.

“आवं नाना, काय करताय! आत बारीक तड्यांचं जाळं पडलंय बघा.”

“पडंना. लय दणकट फायबर हाय.”

“फायबर न्हाई ओ, पॉलिकार्बोनेट! ॲक्रिलिकला ओरखडे कमी पडत्यात, पर टोला बसला की ठिकऱ्या. पीव्हीसीचा पाइप उन्हानं कडक हून तडकतोय. ह्ये वाकंल, पर सहजी फुटायचं न्हाई. फकस्त थिनर सोसत न्हाई त्याला.”

“काय म्हनलीस? पॉली कार... बोनेट?” नानांचा चेहरा फुलला. “आगं, कार बी हाय, बोनेट बी हाय! मग मार सोसनारच की!”

तिनं जुना गॉगल फेकला, नवा आणला आणि साबणपाण्याची बाटली खिळ्याला टांगली. “गॉगलला आंगूळ! माझ्या आंगुळीचं कवा इचारलं न्हाईस,” असं कुरकुरत का होईना, नाना रोज तो धुऊन घालू लागले.

गणपती उठल्यावर एका दुपारी कटिंगची चकती तुटली. तुकडा सणकन उजव्या डोळ्यावर आला. आवाज ऐकून शेजारचा कृष्णात धावला, तर नाना खाली बसून एकेक डोळा आळीपाळीनं झाकत होते.

“काय करतोयस रं?”

“बघतोय. दोनी चालू हायेत गड्या.”

गॉगलवर खोल पांढरा खळगा पडला होता. आरपार काही गेलं नव्हतं. नानांनी लेकीला फोन लावला, “जेवलीस का?” एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

खंडेनवमीला हातोडा, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन पूजेला मांडलं. सगळ्यांच्या पुढं तो खळग्याचा गॉगल. मार खाल्लेला पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून कामाला दुसरा आणलेला.

“फायबरची पूजा व्हय रं?” कृष्णातनं डिवचलं.

“फायबर म्हनू नगंस. कार बोनेट हाय त्ये.”

समीक्षा झेंडूचं फूल ठेवत होती. नानांनी डावा डोळा झाकला आणि उजव्यानं तिच्याकडं बघितलं.

“दिसतीस गं,” म्हणाले. “लय ब्येस दिसतीस.”