अक्काचे तोडे आणि ह्यांचा हिरा

आमचे हे गणिताचे मास्तर. हेडमास्तर झाले त्या वर्षी माझे डोळे दाखवायला म्हणून मला गुलबर्ग्याला घेऊन गेले आणि येताना हिऱ्याची अंगठी घेऊन आले. डॉक्टर चारनंतर बसणार होते, बाहेर मरणाचं ऊन होतं आणि समोरच्या दागिन्यांच्या दुकानात एसी होता. एवढंच कारण. आत एका गोड मुलीनं आम्हाला बदाम दूध दिलं आणि हिरा म्हणजे काय ते ह्यांना समजावून सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांना समजावणारा माणूस पहिल्यांदाच मुकाट ऐकत बसला होता. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"सोनं काय, कुणीबी घेतंय," परतीच्या बसमध्ये हे म्हणाले. "हिऱ्याची गोष्ट न्यारी हाय. जमिनीत तयार व्हायला करोडो वर्षं लागत्यात. माल कमी, मागणी जास्त. भाव उतरायचा सवालच न्हाई."

माझे डोळे त्या दिवशी दाखवायचे राहिले ते राहिलेच.

अंगठी माझ्या बोटात असायची, पण तिचं सर्टिफिकेट ह्यांच्या कपाटात. ते त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. बिदरच्या नौबाद भागातल्या आमच्या घरी पाहुणा आला की आधी चहा यायचा, मग सर्टिफिकेट.

ह्या सगळ्याला एकच माणूस हसायचं, ह्यांची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. ती निर्ण्याला असते. नवरा लवकर गेला, शेत तिनंच सांभाळलं. तूर विकली की दरवर्षी ती थोडी चांदी घ्यायची. कधी वाळे, कधी तांब्या, काहीच पसंत पडलं नाही तर नुसता तुकडा. सगळं ज्वारीच्या पिंपात, ज्वारीच्या खाली.

"अक्का, चांदी कामून घ्यायलीस?" हे दर पंचमीला तिला विचारायचे. "काळी पडती, जागा खाती, भाव जागचा हलत न्हाई."

"हलंना तर हलंना. मला कुठं तिला पळवायचंय?" अक्का म्हणायची आणि ह्यांच्या ताटात अजून एक कडबू टाकायची.

मग आमच्या लेकीचं लग्न ठरलं. ती कडगंचीच्या विद्यापीठात पीएचडी करते. तोवर सोन्याचा भाव असा चढला होता, की मंगळसूत्राचं नाव काढलं की हे पंख्याकडे बघत बसायचे. शेवटी एका सकाळी स्वतःच म्हणाले, "अंगठी काढ. हिरा आता कामाला येतो बघ."

गुलबर्ग्याच्या त्या दुकानाच्या जागी आता गाद्या विकतात. म्हणून आम्ही बिदरमधल्या आमच्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी कारागिराकडून हिरा काढून घेतला, सोनं तोललं आणि म्हणाले, "सर, सोन्याचे पैसे आत्ता देतो. खडा तुमच्याकडंच ठेवा."

"खडा? हिरा म्हणा."

"हिराच हाय. पण आता हिरे कारखान्यात व्हायलेत, सर. महिन्याभरात तयार. जुना कुणी घेईना झालंय."

ह्यांनी सर्टिफिकेट पुढे केलं. सराफानं ते दोन्ही हातांनी घेतलं, मान देऊन वाचलं आणि परत दिलं. मग खणातून एक पुडी काढून तीन हिरे निळ्या कागदावर ओतले. आमचा त्यातच टाकून बोटानं सगळे फिरवले. "हे तीन कारखान्यातले. तुमचा ओळखा."

भिंग लावून हे उत्तरपत्रिका तपासावी तसे बघत बसले. "हा!"

"तो कारखान्यातला."

"मग हा."

"तोबी कारखान्यातलाच."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अवं, मग आमचा कुठला? यंत्र लावा की!"

यंत्र लावलं. चारही हिऱ्यांना लावलं, चारही वेळा ते सारखंच वाजलं. "कारखान्यातला बी हिराच असतोय ना," सराफ म्हणाले. मग भिंग डोळ्याला लावून त्यांनी एक उचलला. "हा तुमचा. आत बारीक डाग हाय, सर्टिफिकेटात लिहिलाय तसाच. बाकीचे एकदम साफ हायेत."

मला हसू आवरेना. हे हिरा खिशात टाकून माझ्या दहा पावलं पुढं चालत सुटले.

ही गोष्ट अक्काला मीच फोनवर सांगितली. ती पोटभर हसली आणि मग म्हणाली, "भावाला दे जरा." ह्यांना तिनं चांदीचा भाव विचारला. ह्यांनी पडलेल्या आवाजात सांगितला. "परत एकदा सांग," अक्का म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं आली. सराफाच्या पांढऱ्या गादीवर तिनं पिशवी उलटी केली तशी चांदीबरोबर मूठभर ज्वारीही पडली. सगळं तोलून झाल्यावर सराफानं कॅल्क्युलेटर तिच्याकडे फिरवला. अक्का त्याकडे बघत राहिली. "ह्यात एक शून्य जास्तीचं पडलंय का बघा," ती म्हणाली. नव्हतं पडलं.

मग तिनं एका जुन्या झंपराच्या कापडात बांधलेले तोडे काढले, चांगले मनगटाएवढे जाड. "हे विकायचे न्हाईत. नुसती किंमत सांगा."

ते तिच्या सासूचे. सासूनं जाताना ते थोरली म्हणून अक्काला दिले आणि धाकटीला पितळी घागर दिली. तेव्हापासून धाकटी जाऊ अक्काशी बोलत नव्हती. दोघींच्या घरांना एकच भिंत, आणि अकरा वर्षं अबोला.

सराफानं तोड्याची कड कानसीनं जराशी घासली. आतून तांबूस निघालं. "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. हे गिलीट हाय. नुसतं वरून चांदीचं पाणी दिलंय."

सकाळपासून हे अशाच एखाद्या संधीची वाट बघत होते. तोंड उघडणार तोच मी त्यांना चिमटा काढला. अक्का मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. जवळ सरकले तर हसत होती.

"दर दिवाळीला राखेनं घासले गं मी हे," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हातारीला ठावं असंल का गं?"



निम्मी चांदी तिनं तिथंच मोडली आणि सराफाला म्हणाली, "माझ्या भाचीचं मंगळसूत्र ह्यातून करा."

"अक्का, असं न्हाई व्हायचं," हे म्हणाले.

"तू गप बस. तू तुझा डाग जप."

संध्याकाळी निर्ण्यात उतरल्यावर ती आपल्या घरी न जाता जावेच्या दारात गेली. पुढचं मला तिनंच सांगितलं. जावेनं दार उघडलं तशी अक्कानं तोडे उंबऱ्यावर ठेवले. "घे. तुझे."

"आता? केस पिकल्यावर?"

"गिलीट हाईत."

जावेनं ते उचलले, हातात तोलले, घासलेली कड बघितली. मग तिथंच पायरीवर बसली. "लई शिव्या दिल्या गं मी तुला मनात," ती म्हणाली. "त्यांचं आता काय करू?"

"ऱ्हाऊ दे. पुढं लागतील," अक्का म्हणाली. चहा झाला. तोडे दोघींनाही नको होते, ते दोरीत ओवून जावेच्या म्हशीच्या गळ्यात गेले.

लग्नाला दोघी एकाच जीपमधून आल्या आणि आचाऱ्याला दोघींनी मिळून इतकं छळलं, की तो दुपारी रुसून बसला.

यंदा तूर विकल्यावर जाऊसुद्धा अक्काबरोबर सराफाकडे गेली. जन्मात पहिल्यांदा चांदी घ्यायला. "भाव लई चढलाय, थोडं थांबा," सराफ म्हणाले. दोघींनी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत भाव धाडकन खाली आला. आता रोज सकाळी निर्ण्याहून दोघींचा स्पीकरवर फोन येतो, "मास्तर, आज कितीवर हाय? कधी चढंल?" मग हे माझ्या हातात फोन देतात आणि न्हाणीघरात जाऊन बसतात.