डालड्याच्या डब्यातलं इंग्रजी

आमचे हे इंग्रजी शब्द पाठ करायला बसले, की शेजारची लिलाबाई भिंतीला कान लावायची आणि सकाळी नळावर मला विचारायची, "पुष्पाबाई, काल तुमच्याकडे कसली पोथी चालू होती?" पोथी कसली, डोंबल! "ॲश म्हणजे राख, बेल्ट म्हणजे पट्टा" असं ते एका सुरात चालायचं. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

हे म्हणजे सुकदेव. नवऱ्याचं नाव घ्यायला मी काही लाजत नाही. सत्त्याऐंशी साली आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहत होतो. हे पावर हाऊसमध्ये हेल्पर. गाव आमचं धरणगावजवळचं, ह्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण मशीनचं डोकं असं की नुसत्या आवाजावरून सांगायचे, ह्या बेअरिंगला तेल पाहिजे. साहेब लोकसुद्धा त्यांना हाक मारायचे. पण ऑपरेटर व्हायचं तर परीक्षा, आणि तीही इंग्रजीतून. लेखीत कसेबसे निघायचे, तोंडीत दोनदा आपटले. आता तिसरी संधी, ती शेवटची. लहानपणी निंबाच्या झाडावरून पडून ह्यांचा गुडघा अधू झालेला. हेल्परला दिवसभर शिड्या चढायच्या, ऑपरेटरला खुर्ची. गुडघा दर महिन्याला जास्तच सुजत होता. ह्या वेळी नापास झाले तर नोकरी किती दिवस झेपेल, ह्या काळजीनं मला घास गोड लागत नव्हता.

ह्यांची एक वही होती, दोनशे चाळीस शब्दांची. आधी इंग्रजी, मग आपल्या अक्षरात उच्चार, मग अर्थ. मी चौथी शिकलेली. इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं, पण उच्चार वाचता यायचे.

एका रविवारी मी डाळ लावली, तर कुकरची वाफ कडेनं जायला लागली. मी सहज विचारलं, "अहो, गळणं म्हणजे काय हो तुमच्या इंग्रजीत?"

"थांब," म्हणाले. डोळे मिटले आणि सुरू झाले. "लॅडर म्हणजे शिडी, लॅम्प म्हणजे दिवा, लीक म्हणजे... हां, लीक!"

मी बघतच राहिले. "आणि पातळी?"

"लॅडर म्हणजे शिडी, लॅम्प म्हणजे दिवा..."

"अहो, आधी त्या शिडीवरून उतरा! साहेब काय तुमच्या वहीच्या क्रमानं विचारणार आहे?"

संतापले. राग आला की हे गावच्या बोलीवर यायचे. "तुले काय समजस? बठ्ठं पाठ शे मले!"

"पाठ शे, पण येस कोठे?" मीही त्याच बोलीत सुनावलं. सगळं पाठ आहे, पण वेळेवर येतं कुठं!

उंबऱ्यावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "दोन्ही वेळेला असंच झालं, पुष्पा. साहेबानं शब्द विचारला की मी मनात पहिल्यापासून म्हणत निघायचो. त्या शब्दाशी पोचेपर्यंत साहेब पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा." एवढं मनात ठेवून हा माणूस दोन वर्षं गप्प होता. मला फार वाईट वाटलं. माझ्या तोंडाला भिऊनच सांगितलं नसेल, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी हे ड्युटीवर गेले आणि मी कात्री घेऊन ती वही कापली. अख्खी. दोनशे चाळीस चिठ्ठ्या केल्या आणि डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकून खळाखळा हलवल्या. घरी येऊन वहीचे नुसते पुठ्ठे पाहिल्यावर हे जे बोलले, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले, तेव्हा मी डब्यात हात घातला.

"फ्लेम."

ह्यांचे ओठ हलायला लागले.

"पुटपुटायचं नाही! स्टोव्हकडे बघा."

बघितलं. "ज्योत," म्हणाले, आणि स्वतःच चमकले.

मग रोजचंच झालं. आलेला शब्द दुसऱ्या डब्यात, चुकलेला परत पहिल्यात. दुसऱ्या डब्यातलेही मी आठवड्यानं पुन्हा काढायचे. आज आलेलं आठ दिवसांनी येईलच असं नाही, हे मला स्वतःवरूनच माहीत. नुसता अर्थ सांगून सुटका नव्हती. घरातली वस्तू दाखवून तिच्यावर काहीतरी बोलायचं. हे हंड्यात वाकून म्हणायचे, "वॉटर लेव्हल लो." नळ सोडताना "ओपन स्लोली." बरोबर की चूक ते मला काय कळणार, पण अडखळणं कमी झालं एवढं कळत होतं. लिलाबाई म्हणाली, "बाई बाई, साहेबीण झालीस तू." मी म्हटलं, "होऊ दे की, तुझ्या का पोटात दुखतं?"

चार महिने हे चाललं. शेवटी पहिल्या डब्यात अकरा चिठ्ठ्या हटून बसल्या. त्यांच्यापुढे आम्ही दोघांनी हात टेकले.

तोंडीच्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. पोळ्या करपल्या, दूध उतू गेलं. दुपारी हे आले.

"पंधरा विचारले," म्हणाले. "उलटेसुलटे. तेरा आले. दोन येत नव्हते, तर सरळ सांगितलं, नॉट नोइंग, सर."

बारा दिवसांनी बोर्डावर यादी लागली. नाव होतं! मला एवढा आनंद झाला की लिलाबाईला दोन पेढे दिले.

पण पेढा खाता खाता हे म्हणाले, "साहेब विचारत होते, कुठल्या क्लासला जात होतास? मी सांगितलं, घरीच शिकलो."

"घरीच?" माझं टाळकं सरकलं. "घरी कोणी शिकवलं? भिंतींनी?"

ह्यांनी मान खाली घातली. मी ताट वाढलं, ते आदळूनच.

दुसऱ्या दिवशी उशिरा आले. चपलाही काढल्या नाहीत, दारातूनच म्हणाले, "सांगून आलो साहेबांना."

"काय?"

"माय वाइफ टॉट मी."

"म्हणजे काय?"

"माझ्या बायकोनं मला शिकवलं."

मी विचार केला. "टॉट? हा शब्द आपल्या डब्यात नव्हता."

"नव्हता," म्हणाले. "तुझ्यासाठी लागला, म्हणून ऑफिसातल्या हिलाल क्लार्कला विचारून घेतला."

मला भरून आलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "परत म्हणा."

त्यांनी म्हटलं. मी तीन वेळा म्हणायला लावलं.