कन्याकुमारीच्या पुढं सांडलेली रांगोळी

आता ही फजिती कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा पाजलाय तुमी, तर ऐका.

आमच्या स्नेहलला बघायला पाहुणे येणार होते. पोरगं सरकारी नोकरीत. मध्यस्थानं नोकरीचं गावही सांगितलं होतं, पण 'सरकारी' ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतंय? 'तिकडं खाली, दक्षिणेत' एवढं डोक्यात राहिलं. बास झालं की!

सकाळी अंगणात बघतो, तर पोरीनं रांगोळीत भारताचा नकाशा काढलेला. आमच्या जवळा बाजार गावात पाहुण्यांसाठी कुणी मोर काढतं, कुणी कमळ. आमच्याकडं अख्खा देश! नकाशा झकास होता. फक्त उजवीकडं समुद्रात रांगोळी सांडलेली. ठिपके ठिपके, पार खालपर्यंत.

"काय हे वेंधळं काम!" म्हणत मी खराटा घेतला अन् समुद्र साफ केला. डावीकडं चार ठिपके होते, तेही झाडले. स्वच्छतेची आवड मला पहिल्यापासून!

पाहुणे आले. पोरगं अन् त्याचे आईवडील. वडील नकाशापाशी थबकले. मला वाटलं, कौतुक करून राहिले. मग काय, सुटलोच मी!

"हे बघा पाहुणे, हे देशाचं शेवटचं टोक. कन्याकुमारी! आमी स्वतः जाऊन आलो. त्याच्या पुढं काही न्हाई. निस्तं पाणी!"

"काहीच न्हाई?"

"माशांशिवाय कुणी ऱ्हात न्हाई तिथं!"

पोरगं मान खाली घालून हसलं. वडील शांतपणे म्हणाले, "मग आमचं लेकरू कुठं ऱ्हातं म्हणायचं?"

"म्हंजे?"

"निकोबारला असतो हा. पार शेवटच्या बेटावर. देशाचं दक्षिण टोक तिथंच हाय, पाहुणे. कन्याकुमारीच्या बी लई खाली."

तेवढ्यात दारातून स्नेहल ओरडली, "बाबा, माझी बेटं कुठं गेली?"

आता तुमीच बघा! लेकीचं होऊ घातलेलं सासर मी खराट्यानं झाडून टाकलं होतं!

"वारं सुटलं होतं सकाळी," मी म्हणलं. तिकडं तुळशीचं पान हलत नव्हतं.

पण मी हार मानतो का? चिमूटभर रांगोळी घेतली अन् रुबाबात बेटं परत टाकली.

"काका," पोरगं अदबीनं म्हणालं, "हे मुंबईजवळ पडलं."

"अरे, जवळ आलं तर तुलाच बरं न्हाई का?"

कुणीच हसलं नाही. बायकोनं माझ्या हातातली रांगोळी काढून घेतली, जशी तान्ह्या लेकराच्या हातातली माती काढून घेतात.

शेवटी स्नेहलनंच खाली बसून एकेक ठिपका जागेवर घातला. शेवटचा जरा ठळकच. पोरगं टक लावून बघून राहिलं.

त्याच्या आईनं काळजीनं विचारलं, "पोरी, एवढ्या लांब ऱ्हाशील का? रेल्वे, विमान, वर जहाज. माहेरचं माणूस चटकन यायचं न्हाई तिथं."

स्नेहलनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. "चालंल मला, मावशी. आमच्या बाबांना तर ते गावच सापडायचं न्हाई!"

सोयरीक तिथल्या तिथं पक्की झाली. लोक पोरीचं शिक्षण बघून पसंती देतात. आमच्याकडं पोरीनं बापाचं अज्ञान बघून नवरा पसंत केला!